पारपोलीच्या फुलपाखरू महोत्सवाला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सावंतवाडीहून आंबोलीच्या दिशेने निघाले की घाट चढण्यापूर्वी, सह्याद्रीच्या पायथ्याशी पारपोली हे गाव आहे. ‘फुलपाखरांचे गाव’ अशी त्याची ओळख झाली असून पावसाळा सरल्यावर सावंतवाडी वनविभाग आणि ग्रामस्थ यांच्या पुढाकाराने तेथे फुलपाखरू महोत्सव भरतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘महोत्सव’ या शब्दाने माझी चांगलीच फसगत केली. मंडप, कमान आणि काचेच्या मोठ्या खोलीत सोडलेली फुलपाखरे असे काहीतरी चित्र मनात धरून मी दुपारी बाराच्या पुढे गावात पोहोचलो, तोवर घाटमाथ्यावर ढग जमू लागले होते आणि तासाभरात पाऊस सुरू झाला. त्या दिवशी माझ्या वाट्याला पडवीत बसून प्यायलेला चहा तेवढा आला. दुसऱ्या खेपेस मात्र गावातल्या माहीतगार माणसाच्या मागोमाग तीन तास चाललो, आणि महोत्सव म्हणजे खरे तर हे चालणेच आहे, हे तेव्हा उमगले. पहिल्या खेपेच्या चुका इतरांनी करू नयेत, यासाठी पुढील टप्पे लिहीत आहे.

१. दिवस आणि वेळ ठरवणे

हस्ताचा पाऊस ओसरला की कोकणात फुलपाखरांचा खरा हंगाम सुरू होतो. पावसाळ्यात अळ्यांना कोवळा पाला भरपूर मिळालेला असतो, रानफुले बहरलेली असतात आणि पायवाटांच्या कडेला ओल टिकून असते. त्यामुळे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे दोन महिने सर्वांत चांगले. डिसेंबरनंतर गावात फुलपाखरे नसतात असे नाही, पण वैविध्य कमी होत जाते.

दिवसापेक्षाही तासाचा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे. पक्षी पाहणाऱ्यांना पहाटे उठायची सवय असते आणि ते फुलपाखरांसाठीही पहाटेच बाहेर पडतात. ती घाई येथे निरुपयोगी ठरते. फुलपाखराचे शरीर उन्हाने तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही, आणि पारपोलीच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंतच उभी असल्यामुळे सूर्य उगवला तरी ऊन गावात उतरायला वेळ लागतो. साडेआठ-नऊच्या सुमारास पानांवर पंख पसरून ऊन खाणारी फुलपाखरे दिसू लागतात, आणि तेथपासून साधारण बारापर्यंतचा काळ सोन्यासारखा असतो. परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारनंतर ढग भरून येतात, म्हणून ‘आधी जेवून घेऊ, मग निवांत फिरू’ हा बेत टाळावा. शक्य असेल तर दोन सकाळी हाताशी ठेवाव्यात. एक सकाळ ढगाळ निघाली तर दुसरी कामी येते.

२. चौकशी आणि नोंदणी

महोत्सवाच्या तारखा, प्रवेशशुल्क आणि वाटाड्यांची व्यवस्था यांबाबत सावंतवाडीच्या वनविभाग कार्यालयात आधी चौकशी करावी, म्हणजे समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या मागील वर्षाच्या पत्रकावर विसंबून जाण्याची वेळ येत नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने असे जुने पत्रक पाहून पुण्याहून गाडी काढली होती. त्यांना गाव दिसले, फुलपाखरेही दिसली, पण सोबत दाखवणारे कोणी नव्हते.

वाटाड्या घ्यावाच, हे मी आग्रहाने सांगेन. त्यातून गावातल्या माणसाला चार पैसे मिळतात हे तर आहेच. शिवाय कोणत्या ओढ्याकाठी सकाळी ओल असते आणि कोणाच्या कुळागरात (घराजवळच्या बागायतीत) फुलपाखरे अंडी घालतात ती ईश्वरीची वेल आहे, हे गावातल्या माणसाखेरीज कोणाला ठाऊक असणार? एका वाटाड्यामागे पाच-सहाजण ठीक. वीसजणांचा घोळका गेला तर पहिल्या तिघांना फुलपाखरू दिसते आणि उरलेल्यांना पुढच्यांच्या पाठी.

सोबत ठेवायची कागदपत्रे थोडीच आहेत: प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे ओळखपत्र, नोंदणी केली असल्यास तिची पावती (गावात मोबाइलला रेंज मिळेलच असे धरून चालू नये, म्हणून कागदावर छापून), शाळेची सहल असल्यास मुख्याध्यापकांचे पत्र आणि मुलांची नावनिशीवार यादी. रोख रक्कम सुट्ट्या नोटांत न्यावी.

३. पोहोचणे आणि राहणे

मुंबईहून रेल्वेने येणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती म्हणजे कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चालते आणि त्या काळात गाड्यांच्या वेळा वेगळ्या असतात. महोत्सव नेमका त्या बदलाच्या आगेमागे येत असल्यामुळे तिकिटावरची वेळ पुन्हा एकदा तपासणे गरजेचे आहे. तुतारी एक्सप्रेस रात्री दादरहून सुटून सावंतवाडीला पोहोचते तेव्हा दुपार झालेली असते. त्या गाडीने येऊन त्याच दिवशी फुलपाखरे पाहण्याचा विचार सोडून द्यावा. माझी पहिली चूक हीच होती. सावंतवाडी रोड हे स्थानक मुळात शहरात नसून मळगावात आहे, हेही नवख्यांना उतरल्यावरच कळते; तेथून शहरात येण्यासाठी रिक्षा करावी लागते.

पुणे-कोल्हापूरकडून येणारे आजऱ्यावरून आंबोलीमार्गे घाट उतरून येतात. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर असून ऑक्टोबरातही सकाळी तेथे दाट धुके असू शकते. आंबोलीत मुक्काम करून सकाळी खाली उतरणाऱ्यांना हे धुके पाहून वाटते की आजचा दिवस गेला, पण तासाभराने खाली पायथ्याशी लख्ख ऊन असते. विमानाने येणाऱ्यांसाठी गोव्यातला मोपा विमानतळ सोयीचा आहे. तेथून बांदामार्गे सावंतवाडी गाठता येते.

मुक्काम सावंतवाडीत करावा आणि सकाळी आंबोलीकडे जाणारी एसटी किंवा रिक्षा धरावी, हे सर्वांत सोपे. एसटीने जाणार असल्यास परतीच्या गाडीची वेळ सकाळी उतरतानाच वाहकाला विचारून घ्यावी.

४. सोबत काय न्यावे आणि काय नेऊ नये

मळकट हिरवे किंवा खाकी पूर्ण बाह्यांचे कपडे, पायघोळ विजार, घोट्याच्या वर जाणारे मोजे, घट्ट बुटांची जोडी, टोपी, पाण्याची बाटली आणि छत्री एवढे पुरते. दुर्बीण असेल तर ती दोन मीटरपर्यंत जवळचे स्पष्ट दाखवणारी हवी. लांबचे पक्षी पाहण्याची जड दुर्बीण येथे गळ्यात नुसते ओझे ठरते. एक छोटी वही आणि पेन्सिल जरूर न्यावी, कारण पावसाच्या शिडकाव्यात पेनाची शाई उतरते.

जाळी अजिबात नेऊ नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अनेक फुलपाखरांना संरक्षण असून ती पकडणे हा गुन्हा आहे. मुलांनाही हे निघण्यापूर्वीच समजावून सांगावे, म्हणजे जागेवर रडारड होत नाही. डास पळवणारी फवारणी पायवाटेवर उभे राहून अंगावर मारू नये. कीटकांना पळवण्यासाठीच ती बनवलेली असते आणि आपण कीटकच पाहायला आलेलो असतो. हवे तर मलम निघण्यापूर्वी लावावे, आणि मग अळी किंवा पान यांना हात लावू नये.

५. पायवाटेवर कसे पाहावे

नवख्या माणसाची नजर उडणाऱ्या फुलपाखरामागे धावते. त्याच्यामागे पळून काहीही हाती लागत नाही. फुलपाखरे जेथे हमखास येतात अशा जागा ठरलेल्या असतात. त्या ओळखून तेथे थांबून राहणे हीच खरी युक्ती आहे.

पहिली जागा म्हणजे ओढ्याकाठची ओली वाळू किंवा रस्त्यावरचा चिखल. येथे फुलपाखरे, त्यातही बहुधा नर, सोंड चिखलात खुपसून तासन्‌तास बसलेले असतात. याला चिखलपान म्हणतात. मधुरसात साखर असते, पण सोडियमसारखे क्षार फारसे नसतात. ते मिळवण्यासाठी हा खटाटोप असतो. एका ओढ्यापाशी मी असा एक थवा पाहिला, आणि जवळून दिसावे म्हणून दोन पावले पुढे सरकलो, तोच सगळी एकदम उडाली. आमच्या वाटाड्या काकांनी मागूनच म्हटले, “सावळी पडता मां तुमची, म्हणान उडता ता.” माझी सावली त्यांच्यावर पडली होती. ते मला ओढ्याच्या दुसऱ्या अंगाला घेऊन गेले, खाली बसायला सांगितले, आणि पाच-सात मिनिटांत सगळी परत येऊन त्याच जागी बसली. सूर्य नेहमी आपल्या समोर किंवा बाजूला ठेवावा, पाठीशी नको, हा नियम त्या दिवसापासून मी पाळतो.

दुसरी जागा म्हणजे खुळखुळ्याची झुडपे. शेंगा वाळल्या की त्यांतल्या बिया खुळखुळतात म्हणून हे नाव. येथे ब्लू टायगर, हबशी (कॉमन क्रो) यांसारख्या फुलपाखरांचे नर फुलांवर न बसता वाळक्या काड्यांना आणि शेंगांना चिकटून असतात. त्या वनस्पतीतील कडू द्रव्ये शोषून घेऊन ते मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. असे झुडूप सापडले की दहा मिनिटे तेथून हलू नये.

तिसरी जागा सांगताना थोडा संकोच वाटतो. कुजलेली फळे, झाडाच्या सालीतून पाझरणारा रस, शेण आणि मेलेला खेकडा. काही अत्यंत देखणी फुलपाखरे फुलांकडे ढुंकूनही पाहत नाहीत आणि अशा ठिकाणीच सापडतात. फुलपाखरू म्हणजे फूल हे समीकरण येथे थोडे ढिले करावे लागते.

आता काय ओळखायचे, ते. पहिल्याच दिवशी शंभर नावांच्या मागे लागू नये. पश्चिम घाटात सव्वातीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येक छोट्या निळ्या-करड्या फुलपाखरांपुढे जाणकारही हात टेकतात. पहिल्या खेपेला चार-पाच ओळखली तरी पुष्कळ झाले. नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, हे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. २०१५ साली राज्य फुलपाखरू घोषित करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. काळ्या मखमली पंखांवर निळसर पट्टे आणि पंखांचा विस्तार १२ ते १५ सेंटिमीटर, त्यामुळे ते चुकण्याची शक्यता नाही. त्याहूनही मोठे काळे-सोनेरी फुलपाखरू उंचावरून पक्ष्यासारखे तरंगत गेले, तर ते सदर्न बर्डविंग. पांढऱ्या कागदाचा कपटा हवेत हेलकावत खाली यावा तसे काही झाडांच्या सावलीत दिसले, तर मान वर करून नीट पाहावे; ते पश्चिम घाटाबाहेर कोठेही न आढळणारे मलबार ट्री निम्फ असू शकते. आणि पंखांच्या खालच्या बाजूला पिवळे व लाल ठिपके असलेल्या फुलपाखराला मराठीत हळदीकुंकू म्हणतात, हे एकदा ऐकले की विसरणे अशक्य.

६. परसदारीही थांबावे

बहुतेक पाहुणे रानाकडे धाव घेतात आणि घरांमधून जाणारी वाट पायाखालून भराभर काढतात. माझ्या मते पारपोलीत सर्वांत जास्त शिकायला मिळते ते परसदारी. याचे कारण असे की प्रत्येक जातीची मादी ठरावीक वनस्पतीवरच अंडी घालते, आणि त्या वनस्पतींपैकी बऱ्याच कोकणी माणसाच्या स्वयंपाकघरातल्याच आहेत. नीलवंताच्या अळ्या लिंबू-पपनसाच्या कुळातील झाडांवर वाढतात. बहुरूपी, म्हणजे कॉमन मॉरमॉन, कढीपत्त्यावर अंडी घालते. दालचिनीच्या कोवळ्या पानांवर ब्लूबॉटल या फुलपाखराची अळी असते.

मला थक्क केले ते तिरफळाने. बांगड्याच्या तिखल्यात पडणारे तिरफळ मी लहानपणापासून खात आलो आहे, पण मलबार बँडेड पीकॉक या हिरव्या-निळ्या झळाळीच्या फुलपाखराची अळी त्याच झाडाच्या पानांवर वाढते, हे मला ठाऊक नव्हते. ते पश्चिम घाटातच आढळणारे फुलपाखरू असून केरळने २०१८ साली त्याला आपले राज्य फुलपाखरू केले. एका घराच्या मागे काटेरी खोडाचे तिरफळाचे झाड होते आणि घरमालकीण आजी सुपात वाळलेली तिरफळे पाखडत बसल्या होत्या. काळ्या बिया बाजूला, उकललेली टरफले बाजूला. आम्ही झाडाखाली माना वर करून उभे, आणि आजींना आमचे हे वेड पाहून हसू आवरत नव्हते.

परसात शिरण्यापूर्वी घरच्यांना विचारावे, हे वेगळे सांगायला नको. पण कॅमेरा हातात आला की माणसे हे विसरतात. कुळागरातल्या भाजीच्या वाफ्यावर पाय देऊन छायाचित्र काढणारा एक पाहुणा मी पाहिला आहे.

येथेच परागीभवनाविषयीही दोन शब्द. फुलपाखरे देखणी असल्यामुळे सगळे श्रेय त्यांनाच मिळते, परंतु शेती-बागायतीच्या दृष्टीने मधमाश्यांचे काम कितीतरी मोठे आहे, आणि आंब्याच्या मोहोरावर तर साध्या माश्याही राबत असतात. फुलपाखराची सोंड लांब आणि शरीर फुलापासून दूर, त्यामुळे एक्झोरासारख्या लांब नळीच्या फुलांना त्याचा उपयोग अधिक. वाटाड्याला सातेरी या पाळता येणाऱ्या मधमाशीच्या मधपेट्या कोणाकडे आहेत, असे जरूर विचारावे. ज्यांना या विषयात अधिक रस असेल त्यांनी महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव पाहावे. २०२२ साली ते देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. ज्या बागेत फवारणी जास्त, तेथे मधमाश्या आणि फुलपाखरे दोन्ही कमी, एवढे तर पाहुण्याच्या नजरेलाही दिसते.

गावात जेवणाची सोय होत असेल तर ती आदल्या दिवशी सांगून ठेवावी. ऐनवेळी दहा माणसांची पाने कोणत्याही घरात वाढली जात नाहीत. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी आणि सोलकढी मिळाली तर दुसरे काही मागू नये.

७. छायाचित्रे

मोबाइलनेही चांगली छायाचित्रे येतात. फुलपाखराच्या अगदी जवळ जाण्याऐवजी पडद्यावर दुप्पट मोठे करून थोडे लांबून काढावे. पंखांची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू टिपण्याचा प्रयत्न करावा, कारण ओळख पटवण्यासाठी बहुधा खालच्या बाजूची नक्षी लागते. ज्या वनस्पतीवर फुलपाखरू बसले तिचेही एक छायाचित्र काढावे. फुलपाखराला थंड करून किंवा हाताने धरून पानावर ‘बसवून’ काढलेली छायाचित्रे ओळखू येतात, आणि जाणकारांत त्यांना मान नसतो.

८. जळवा, गोचीड आणि सुरवंट

ऑक्टोबरात ओलसर सावलीत जळवा असतात. त्यांचे भय बाळगण्याचे कारण नाही. मीठ किंवा तंबाखूची पूड खिशात असली की काम भागते. गोचिडांकडे मात्र गांभीर्याने पाहावे. सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि सावंतवाडी या तालुक्यांत २०१६ नंतर माकडतापाचे रुग्ण आढळले असून तो आजार गोचिडाच्या चाव्यातून पसरतो. त्याचा जोर प्रामुख्याने डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत असतो, तरीही पालापाचोळ्यावर बसणे टाळावे, मुक्कामी परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, गुडघ्यामागे आणि कानांमागे तपासावे, आणि पुढील दोन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांना आपण कोठे फिरून आलो ते आपणहून सांगावे. शहरातल्या डॉक्टरांच्या मनात हा आजार सहसा येत नाही.

गुळगुळीत अळी आणि केसाळ सुरवंट यांतला फरक मुलांना आधीच दाखवून द्यावा. सुरवंटाचे केस टोचले तर अंगावर गांधी उठतात आणि उरलेला दिवस खाजवण्यात जातो.

९. घरी परतल्यावर

वहीतल्या नोंदी आणि छायाचित्रे त्याच आठवड्यात एकत्र करून आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवनोंदींच्या संकेतस्थळांवर ठिकाण व तारखेसह टाकावीत. नाव ठाऊक नसले तरी चालते, इतर जाणकार ते सुचवतात. २०२० पासून देशभर सप्टेंबरात ‘बिग बटरफ्लाय मंथ’ साजरा होतो. त्या काळात आपल्या गल्लीतील नोंदीही मोलाच्या असतात.

खिडकीत कुंडी ठेवण्याइतकी जागा असेल तर कढीपत्ता, लिंबू किंवा पानफुटी लावावी. पानफुटीच्या जाड पानाच्या आत रेड पिएरो या फुलपाखराची अळी पोखरत राहते आणि पान वरून फुगल्यासारखे दिसते. रोग समजून ते तोडून टाकू नये. बहुरूपीची लहान अळी तर कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडावी तशी दिसते आणि पुसून टाकायला हात शिवशिवतो. आमच्याकडे फोडणीला पाला आता खालच्या फांदीचा तोडतात. वरच्या दोन फांद्या सध्या बहुरूपीच्या ताब्यात आहेत.